आधी गावाला

बाजाराचा दिवस असूनही त्या सकाळी कासुपे गावात टोमॅटोच्या भावावरून कोणी हुज्जत घालत नव्हतं. बायकांनी टोपल्या नेहमीसारख्या मांडल्या होत्या, कढईत आपल्या गुलगुल्यांसारखे दिसणारे मंदासी तळले जात होते, तलावाकडून आलेल्या सुक्या मासळीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पण माना वळल्या होत्या त्या उंबराच्या झाडाखाली ठेवलेल्या एका पांढऱ्या पाटाकडे. दारातल्या बाजेएवढा तो पाट अजून कोरा होता. थोड्या वेळाने त्यावर गावाच्या पायाखालची जमीन दिसणार होती.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा, एका लांबलचक तलावाच्या काठाने पसरलेला छोटासा देश. तिथल्या प्रत्येक गावात असं एक मोकळं आवार असतं. त्याला ब्वालो म्हणतात. भांडणं तिथे मिटतात, लग्नं तिथे ठरतात, मेलेल्यांची आठवण तिथेच निघते. गेल्या काही वर्षांपासून ब्वालोत आणखी एक गोष्ट होऊ लागली होती. जमिनीखालचं चित्र तिथे उघडलं जाई.

हे चित्र काढणारी नळी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तयार झाली होती आणि ती घेऊन कासुपेत आलेली शास्त्रज्ञ होती डॉ. प्रांजली वासेकर. आकाशातून म्युऑन नावाचे अतिसूक्ष्म कण सतत पृथ्वीवर कोसळत असतात. छपरातून, माणसांच्या तळहातांतून, डोंगरांतूनही ते पार जातात. मात्र खडक जितका जड, तितके त्यात जास्त कण अडकतात. प्रांजलीच्या मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्या बंद पडलेल्या हातपंपांच्या बोअरमध्ये सोडल्या, की त्या खालून वर पाहत बसत आणि कुठल्या दिशेने किती कण येतात ते टिपत राहत. काही आठवड्यांनी त्यातून भूचित्र तयार होई. कुठे जड खनिज, कुठे पोकळी, कुठे पाणी, सगळं वेगवेगळ्या रंगांत.

नळी हुशार होती, पण देश बदलला तो तिच्यामुळे नव्हे. तो बदलला एका कायद्याने. खनिजमंत्री तियामिके काद्झोम्बे या बाईंनी तो संसदेत मांडला तेव्हा त्याचं लांबलचक सरकारी नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. लोक त्याला ‘आधी गावाला’ एवढंच म्हणत. जमिनीखालचं धन राष्ट्राचं, हे कायद्यात पहिल्यांदा सांगितलं होतं. आणि त्यापुढे असं, की ते धन कुठे आहे, किती आहे, हे गावाच्या आधी कोणीही पाहायचं नाही. कंपनीने नाही, मंत्र्याने नाही, यंत्र बनवणाऱ्यानेही नाही. नळीची स्मृती मोहोरबंद असे. गावप्रमुख आणि सरकारी अधिकारी, दोघांची बोटं एकाच वेळी लागल्याशिवाय ती उघडत नसे.

म्हणून त्या सकाळी प्रांजलीलाही ठाऊक नव्हतं, की आपल्या नळ्यांनी काय पाहिलं आहे.

“मायी, तयार?” तिने विचारलं.

गावप्रमुख नाफिरी बाई पाटाजवळ येऊन बसल्या होत्या. मायी म्हणजे आई. कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला तिकडे हीच हाक मारतात आणि हा एक शब्द प्रांजलीला शिकावा लागला नव्हता. गेले दोन महिने ती त्यांच्याच घरी राहत होती. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा बोटांनी दाबून भाजीत बुडवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तिने चमचा मागितला तेव्हा सगळं घर पोट धरून हसलं होतं.

“मी तयार आहे,” नाफिरी बाई म्हणाल्या. “टेकडी तयार आहे का ते विचार.”

जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने आपलं बोट टेकवलं, बाईंनी आपलं. पाट उजळला.

गावामागची टेकडी पारदर्शक होऊन पाटावर उभी राहिली. तिच्या पोटात लाल रंगाची एक भलीमोठी कढई होती. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि ब्वालोभर आरोळ्या उठल्या. लाल म्हणजे जड खनिज, हे शाळकरी पोरांनाही माहीत होतं. वीजगाड्यांच्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांना लागणारी दुर्मिळ मूलद्रव्यं या भागात सापडतील, असा अंदाज होताच. मात्र एवढी सापडतील, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

सगळ्यात मोठ्याने ओरडली ती लिंबानी, नाफिरी बाईंची मुलगी. राजधानीजवळ सरकारने नवा चुंबक-कारखाना उभारला होता. तिथल्या प्रशिक्षणाची पहिली तुकडी नुकतीच बाहेर पडली होती आणि लिंबानी त्या तुकडीत होती. कारखाना तयार होता, हात तयार होते, फक्त खनिजाची माती हवी होती. आता तीही आली.

प्रांजली मात्र पाटावर वाकून कढईच्या आत पाहत होती. तिथे निळा रंग होता.

“हे काय?” नाफिरी बाईंनी विचारलं.

“पाणी,” प्रांजली सावकाश म्हणाली. “म्हणजे... पाणी असावं. हा लाल खडक त्याला खालून धरून ठेवतोय असं दिसतं. आणि ते इथून झिरपतं.” तिने बोट फिरवलं ते टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या पाणथळीवर येऊन थांबलं.

ब्वालोतल्या माना पाणथळीकडे वळल्या. सगळा मुलूख वाळून पिवळा पडला, तरी ती पाणथळ हिरवी राही. भाजीचे वाफे तिथे होते, केळी तिथे होत्या, गुरं तिथेच पाण्यावर जात. कासुपे या शब्दाचा अर्थच मुळी झरा.

“कढई काढली तर?” कोणीतरी विचारलं.

“तर पाणी खाली निघून जाऊ शकतं.”

“शकतं, की जाईल?” हा प्रश्न लिंबानीचा होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

“ते मला आज सांगता येत नाही,” प्रांजली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावात रोलंड नावाचा एक गृहस्थ आला. मलावीच्या चुंबकांची पहिली मोठी मागणी नोंदवलेल्या परदेशी कंपनीचा तो प्रतिनिधी. माणूस सभ्य होता, प्रवासाने शिणलेला होता आणि त्याने आवाज एकदाही चढवला नाही. पाणथळीच्या कडेने चालता चालता तो म्हणाला, “डॉक्टर, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाहीये. लाल भागाबद्दल तुमची खात्री आहे, निळ्या भागाबद्दल नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग सरकारला द्याल त्या अहवालात तेवढंच लिहा. निळा भाग अनिश्चित. खरंच तर आहे.”

वाक्य खरंच होतं. दुपारी नागपूरहून तिच्या संचालकांचाही फोन आला. “अगं, अनिश्चित आहे तर अनिश्चित म्हण ना! त्यात तुझं काय बिघडतं? हे रेंगाळलं तर आणखी पाच देश आपल्या नळ्या घेणार होते, ते मागे सरतील.” त्यांचंही चूक नव्हतं. प्रयोगशाळेतल्या कित्येकांच्या नोकऱ्या त्या पाच देशांवर अवलंबून होत्या.

तिला एवढंच कळत होतं, की ‘अनिश्चित’ हा शब्द तिच्या तोंडी एक अर्थ सांगेल आणि त्यांच्या कागदावर दुसरा. ती म्हणेल, थांबा, अजून माहीत नाही. ते वाचतील, खणा, कोणाची हरकत नाही.

आणि मग मंत्री स्वतः येणार असल्याची बातमी आली.

काद्झोम्बे बाई धुळीने माखलेल्या एका साध्या गाडीतून उतरल्या. साठीच्या, ठेंगण्या, कमरेला गावातल्या बायकांसारखंच रंगीत कापडाचं चितेंजे गुंडाळलेलं. गुडघे किंचित वाकवून, ओंजळीसारखे वाकवलेले तळहात हलकेच एकमेकांवर आपटून त्यांनी नाफिरी बाईंना नमस्कार केला आणि “झिकोमो” म्हणाल्या. झिकोमो म्हणजे आभार. तिकडे आत येतानाही हेच म्हणतात, वाट मागतानाही हेच. मग प्रांजलीकडे वळून म्हणाल्या, “मला टेकडी दाखवा. पाटावरची नको, खरी.”

दोघी चढत राहिल्या. प्रांजली मनाशी उत्तरांची जुळवाजुळव करत होती. निवडणूक जवळ आली होती. कारखाना या बाईंच्या शब्दावर उभा राहिला होता आणि मातीवाचून तो बंद पडला असता, तर तो शब्दही त्याच्याबरोबर पडला असता. आता या काय विचारणार, हे उघड होतं.

वर पोचल्यावर बाईंनी दम घेतला. “किती खात्री आहे?”

“दहातून सात वेळा मी म्हणेन, की लाल खडकच पाणी धरून आहे. तीन वेळा म्हणेन, की माझी चूक होतेय.”

बाई तिथल्याच एका खडकावर टेकल्या. “आणि खात्री वाढवायची तर काय करावं लागेल?”

प्रांजलीने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या कामात, इतक्या देशांत, अधिकाराच्या खुर्चीवरच्या कोणीही तिला हा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांनी आकडा विचारला होता आणि आपल्या सोयीने तो वर-खाली ढकलला होता.

“थांबावं लागेल,” ती म्हणाली. “नळ्या पावसाळाभर आत राहू द्याव्या लागतील. पावसात पाणी वाढेल, उन्हाळ्यात उतरेल. ते चढता-उतरताना कुठे कुठे पोचतं ते दिसलं, की खडकाचा कुठला भाग पाणी धरतो आणि कुठला नाही, तेही कळेल. पण त्याला पुढचा कोरडा हंगाम उजाडेल.”

“म्हणजे निवडणुकीनंतर.”

“हो.”

काद्झोम्बे बाई खाली गावाकडे पाहत राहिल्या. “माझे वडील दूरच्या देशात सोन्याच्या खाणीत होते,” त्या म्हणाल्या. “या देशातले हजारो बाप असे गेले. दुसऱ्यांच्या जमिनीखाली काय आहे, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं. स्वतःच्या गावाखाली काय आहे, हे न पाहताच ते वारले. कायदा लिहिताना माझ्यासमोर तेवढंच होतं. हे यंत्र मला नको असलेलं काही दाखवील, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.” त्या हसल्या. “आता दाखवलंय, तर डोळे झाकू का?”

संध्याकाळी ब्वालो भरला. बाईंनी झाडाखाली उभं राहून सरळ सांगितलं, की एक वर्ष खणायचं नाही. नळ्या आत राहतील. कारखान्याला तोवर दुसऱ्या जिल्ह्यातून मिळेल तेवढी माती आणू. ती पुरणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

लिंबानी उठली. आईने तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण तिने तो सोडवून घेतला.

“पाण्याची गोष्ट सगळे सांगतात,” ती म्हणाली. “पाणी आमच्याकडे आधीपासून आहे. तरी माझे दोन्ही भाऊ हे गाव सोडून गेले. पाण्याने त्यांना थांबवलं नाही. मी इथे राहायचं म्हणून शिकले. वर्षभर मी काय करू? तुम्ही राजधानीत परत जाल. मला सांगा, मी काय करू?”

कोणी तिला गप्प केलं नाही. ब्वालोत तसं करत नाहीत.

“तुझा राग रास्त आहे,” काद्झोम्बे बाई म्हणाल्या. “माझ्याजवळ त्याला पुरेसं उत्तर नाही. पण या नळ्या वर्षभर सांभाळायला माणूस लागेल. डॉक्टर एकट्या किती करतील? परदेशातून माणूस मागवायचा, की इथलं कोणी शिकेल?”

“ही नोकरी देऊन माझं तोंड बंद करताय?”

“बंद करायचं असतं, तर ब्वालोत बोलू दिलं नसतं. ओरडत राहा. फक्त हे चित्र वाचायला शीक, म्हणजे पुढच्या वेळी खात्रीने ओरडशील.”

हशा पिकला. लिंबानी हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या बोअरपाशी येऊन उभी राहिली.

त्यानंतरचं वर्ष प्रांजलीच्या आयुष्यातलं सगळ्यात समाधानाचं वर्ष ठरलं, हे तिला नंतर कळलं. लिंबानीचे हात कारखान्यात घडलेले होते. नळीचा सांधा कुठे ओलावा धरतो ते तिने चटकन हेरलं. आकडेवारी मात्र तिला महिनोन् महिने छळत राहिली आणि प्रांजली तिला पुन्हा पुन्हा समजावत राहिली. रोलंडने एक शांत पत्र पाठवून आपली मागणी अर्ध्यावर आणली. नागपूरचे संचालक काही काळ रुसले. मग एके दिवशी त्यांनीच फोन केला. थांबायला लावणारी नळी पाहायची आहे, असं दोन देश म्हणत होते.

निवडणुकीत काद्झोम्बे बाई हरल्या. कारखाना अर्धवट चालतोय, याचं खापर त्यांच्यावर फुटलं. नव्या सरकारने पहिल्याच अधिवेशनात कायद्यात एक छोटीशी दुरुस्ती आणली. भूचित्र आधी राजधानीत तपासलं जावं आणि मग गावाला दाखवावं, एवढीच. ओळ छोटी होती, पण सगळ्या देशाला ती नीट कळली. गावोगावच्या प्रमुखांनी मोहरेवर बोट ठेवायचं नाकारलं. मोर्चे नाहीत, दगडफेक नाही. अधिकारी येत, ब्वालोत त्यांना बसायला चटई मिळे, जेवण मिळे, फक्त बोट मिळत नसे. लोकांना एकदा पाहायची सवय लागली होती. दोन महिन्यांनी दुरुस्ती मागे घेतली गेली.

पुढचा कोरडा हंगाम आला आणि कासुपेचं दुसरं चित्र उघडायचा दिवस ठरला. या वेळी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याशेजारी यंत्राची जबाबदारी घेऊन लिंबानी उभी होती. लोक जमत असताना माणसं वाहणारी एक भाड्याची सायकल ब्वालोच्या कडेला थांबली आणि मागच्या सीटवरून काद्झोम्बे बाई उतरल्या. आता त्या मंत्री नव्हत्या. कोणी त्यांना बोलावलंही नव्हतं. त्या मागे जाऊन बायकांच्या चटईवर बसल्या आणि शेजारणीचं मूल मांडीवर घेतलं.

पाट उजळला. टेकडी पुन्हा पारदर्शक झाली. या वेळी चित्र हलत होतं. लिंबानीने ऋतू पुढे सरकवले तसं निळं पाणी चढलं, भरलं, उतरलं. ते लाल कढईच्या दक्षिण कडेला टेकून उभं होतं. उत्तरेकडे मात्र त्या लाल खडकाची एक लांब जीभ टेकडीबाहेर गेली होती आणि वर्षभरात एकदाही पाणी तिला शिवलं नव्हतं.

“दक्षिणेला हात लावायचा नाही,” लिंबानी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “तिथे माझी जवळजवळ पूर्ण खात्री आहे. उत्तरेची जीभ खणता येईल. ती कढईपेक्षा पुष्कळ लहान आहे. कारखाना धावणार नाही, पण चालेल.”

त्या दिवशी आरोळ्या उठल्या नाहीत. लोक उठून जवळ आले, पाटावर बोटं ठेवून आपापले वाफे शोधू लागले. राष्ट्रीय खाण मंडळाच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारले गेले. रस्ता कुठून जाणार, धूळ कुठे उडणार, खड्डा कोण बुजवणार. काही प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नव्हती. ती घेऊन परत या, असं त्याला नम्रपणे सांगण्यात आलं.

मग नाफिरी बाई उठल्या. चालत मागच्या चटईपाशी गेल्या, गुडघे वाकवले, हातांची ओंजळ वाजवली. त्यांच्यामागे एकेक करून सगळ्या बायका वाकल्या. पुरुषांनीही टाळी धरली. तिकडची ती हलकी, पोकळ टाळी. पावसाचे टपोरे थेंब केळीच्या पानांवर पडावेत तसा तिचा आवाज. काद्झोम्बे बाईंनी मांडीवरच्या मुलाच्या केसांत तोंड लपवलं.

निघण्यापूर्वी प्रांजली त्यांना भेटायला गेली. “मलाही आभार मानायचे आहेत,” ती म्हणाली. “त्या दिवशी टेकडीवर तुम्ही मला जे विचारलंत, त्याबद्दल. शास्त्रज्ञाला कोणी असं विचारत नाही. एरवी मी घाबरून चुकीचं काहीतरी लिहिलं असतं.”

“मीही घाबरलेच होते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ‘दहातून सात’ म्हणालात म्हणून बरं झालं. ‘दहातून दहा’ म्हणाल्या असतात, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता.”

दोघी हसल्या. सायकलवाला घंटी वाजवत होता. बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि मग काहीतरी आठवल्यासारख्या वळल्या.

“तुमच्या चंद्रपूरकडून मला निमंत्रण आलंय. तिथल्या जंगलाखाली काय आहे, ते तुमच्या नळ्यांनी पाहायचं ठरतंय म्हणे. आमचा कायदा कसा चालतो ते मी येऊन सांगावं, अशी त्यांची इच्छा आहे. मी येईन. पण आधी मला एक सांगा, म्हणजे काय बोलायचं ते ठरवता येईल.”

“विचारा.”

“तिथे पाट उजळेल, तेव्हा त्याच्यासमोर कोण बसलेलं असेल?”

प्रांजलीच्या डोळ्यांसमोर मोहाची झाडं आली, कोळशाने काळे झालेले ट्रक आले, वातानुकूलित खोलीतलं लांब टेबल आलं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दाटीवाटीने बसलेली माणसंही आली. बाई उत्तराची वाट पाहत थांबल्या होत्या, आणि तिला अजून ठरवता येत नव्हतं, की यांतलं खरं कोणतं होणार आहे.